पाचामुखी परमेश्वर, पण पाच कोण?

माझ्या लहानपणच्या एका वहीपासून सुरुवात करते. मिरजेत आमच्या मोहल्ल्यामागे एक मोकळं पटांगण होतं. पावसाळ्यात तिथं तळं साचायचं. दिवाळीनंतर ते कोरडं ठणठणीत व्हायचं आणि मग दर रविवारी तिथं मुलांची मॅच रंगायची. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला भाईजान म्हणतो, आमच्या मोहल्ल्याच्या संघातून सलामीला जायचा. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. साल १९८१ असावं. मुलींनी पटांगणात उतरायचं नाही असं कुणी बजावलेलं नव्हतं, पण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. माझं अक्षर बरं आणि हिशेब पक्का, म्हणून भाईजाननं मला धावा मांडायचं काम दिलं. कडुलिंबाखालच्या दगडावर बसून मी एकेक चेंडू लिहायचे. धाव निघाली तर आकडा, नाही तर टिंब.

एका रविवारी पलीकडच्या गल्लीशी सामना होता. शेवटचं षटक चालू होतं आणि आमच्या संघाला जिंकायला दोन धावा हव्या होत्या. गोलंदाजाच्या बाजूचा अंपायर पलीकडच्या गल्लीतला होता. खिशातले खडे मोजता मोजता त्याचा गोंधळ झाला आणि त्यानं षटक संपल्याचं सांगून टाकलं. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, ‘‘पाचच झालेत! एक बाकी आहे!’’ वही उघडून दाखवली. पाच खुणा स्पष्ट होत्या. त्या मुलानं वहीकडे पाहिलं, मग आमच्या मुलांकडे पाहिलं आणि हसत विचारलं, ‘‘काय रे, पोरीच्या वहीवर मॅच ठरवायची का?’’

सगळे हसले. आमची मुलंही हसली. वही त्यांच्या फायद्याची होती, तरीही एकानंही ‘बघू दे’ म्हटलं नाही. पोरीच्या साक्षीवर जिंकण्यापेक्षा हरणं त्यांना सोपं वाटलं. घरी परतताना भाईजान खालमानेनं एवढंच म्हणाला, ‘‘वही बरोबर होती तुझी.’’ हे त्यानं मैदानात का नाही म्हटलं, हा प्रश्न मी त्याला आजवर विचारलेला नाही.

पुढं मी बी.ए. झाले, कविता लिहू लागले, क्रिकेट मागे पडलं. पण तो रविवार डोक्यातून गेला नाही. कारण तो प्रश्न धावांचा नव्हता, शब्द कुणाचा चालतो याचा होता. आज त्याच प्रश्नाचा थोडा इतिहास सांगणार आहे. खेळायला मिळणं ही एक गोष्ट आणि खेळात निर्णय करायला मिळणं ही दुसरी. कर्णधार, पंच, निवड समिती, कार्यकारिणी या जागा दुसऱ्या प्रकारात येतात. पहिलं दार उघडलं म्हणजे दुसरंही आपोआप उघडतं असं आपण धरून चालतो. इतिहास तसं सांगत नाही.

आपल्या भाषेत अंपायरला ‘पंच’ म्हणतात. शब्द गावच्या पंचायतीतून आला. पाच जाणती माणसं पारावर बसून निवाडा करायची, आणि आपण म्हणत आलो, पाचामुखी परमेश्वर. पण ते पाच कोण असायचे? त्यांत बाई नसायची. गावकुसाबाहेरचा माणूस नसायचा. त्यांच्यासमोर उभं राहून निवाडा ऐकायचा तेवढा हक्क बाकीच्यांना होता. पंचायतीत हे बदलायला राज्यघटना दुरुस्त करावी लागली. १९९३ मध्ये ७३ वी दुरुस्ती अमलात आली, स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. पुढं २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्यावर नेल्या. मैदानातल्या पंचांसाठी मात्र असा कायदा नव्हता. तिथं काय घडलं, हे समजून घ्यायला आपल्याला सव्वाशे वर्षं मागं, पुण्यात जावं लागेल.

पुण्याच्या मैदानांवर तेव्हा एक किशोरवयीन मुलगा काम करत होता. नाव पाळवणकर बाळू. जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं चर्मकार समाजातलं, वडील लष्करात नोकरीला. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. बाळूची पहिली नोकरी एका पारशी क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि गरज पडली तर सरावाला चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला आणि पगार चार रुपये झाला. तिथं जाळी लावणं, रेषा आखणं, टेनिसचं कोर्ट तयार करणं, अशी सगळी कामं होती. ग्रेग नावाचा एक गोरा अधिकारी तिथला नामांकित फलंदाज. त्यानं या पोराच्या डाव्या हाताची फिरकी पाहिली आणि रोज सरावाला त्याला बोलावू लागला. बाळूनं बाद केलं की ग्रेग त्याला आठ आणे द्यायचा, अशी गोष्ट सांगतात.

या गोष्टीतली एक बारीक बाब माझ्या मनात रुतून बसली आहे. बाळूनं पूना क्लबात साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी केली, पण त्याच्या हाती बॅट कुणी दिली नाही. गोलंदाजी म्हणजे राबणं, ते नोकरानं करायचं. फलंदाजी म्हणजे रुबाब, तो मालकाचा. क्लब साहेबांचा असो की आणखी कुणाचा, खेळाच्या आतही उतरंड असते. घाम कुणी गाळायचा आणि शोभा कुणी मिरवायची, हे आधीच ठरलेलं असतं.

पुढं पुण्यातल्या हिंदूंच्या संघापुढं पेच उभा राहिला. साहेबांना हरवायचं तर बाळू हवाच. पण त्याला संघात घ्यायचं म्हणजे त्यानं हाताळलेला चेंडू आपण हाती घ्यायचा. बरीच खळखळ झाली. एवढ्या चांगल्या गोलंदाजाला बाहेर ठेवणं मूर्खपणाचं ठरेल, असं ग्रेगनंच जाहीरपणे सुचवलं. शेवटी जिंकण्याच्या इच्छेनं विटाळावर मात केली, पण फक्त सीमारेषेच्या आत. चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा. चहाची वेळ झाली की सोबती पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूला बाहेर मातीच्या बोळक्यात चहा मिळायचा. जेवणाचं ताट वेगळं, जागा वेगळी. सामना मात्र तोच जिंकून द्यायचा.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यानं संघाला जिंकून दिलं तेव्हा पुण्यात मोठा बोलबाला झाला. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या माणसानं त्याचा जाहीर गौरव केला. प्लेगच्या साथीच्या सुमारास बाळू मुंबईला आले. (इथून पुढं मी त्यांना ‘अहो’ म्हणते. माणसाला मोठं म्हणायला आपल्याला बळी मोजावे लागतात, हाही याच गोष्टीचा भाग.) १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. एव्हाना मुंबईच्या हिंदू जिमखान्यात बाळू आणि शिवराम इतर खेळाडूंच्या पंगतीला बसू लागले होते. म्हणजे ताटाचा प्रश्न सुटला होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ एकामागून एक सामने हरत होता आणि पस्तिशीचे बाळू, खांदा दुखत असतानाही, बळी घेत होते. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराशी तरुण भीमराव आंबेडकरांचा संबंध होता असं अभ्यासक सांगतात.

आता खरा प्रश्न येतो. मुंबईतल्या तिरंगी, आणि १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी, सामन्यांत हिंदू संघाचा सर्वांत अनुभवी खेळाडू कोण? बाळू. मग कर्णधार कोण? दर वर्षी दुसराच कुणीतरी. बाळूंना कर्णधार करा अशी मागणी १९१० नंतर वर्तमानपत्रांत होऊ लागली, पण निवड समितीनं दाद दिली नाही. १९१३ मध्ये कर्णधारपद एम. डी. पै यांच्याकडे गेलं. पै ब्राह्मण होते. आपल्या सत्कार समारंभात त्यांनी उघड सांगितलं की हा मान खरं तर माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, संघात तेच ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. सभागृहात टाळ्या पडल्या असतील. कर्णधारपद मात्र जिथं होतं तिथंच राहिलं.

पाळवणकरांचे चार भाऊ हिंदू संघाकडून खेळले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चौघांत धाकटे विठ्ठल देखणे फलंदाज होते. बॅट नाकारलेल्या घरात असा फलंदाज निघावा, हा मला न्यायच वाटतो. १९२० मध्ये पै काही कारणानं उपलब्ध नव्हते. विठ्ठल यांचा हक्क असताना समितीनं त्यांना डावलून दुसऱ्या खेळाडूला कर्णधार केलं. बाळूंना तर संघातूनच वगळलं होतं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढलं आणि खेळायला नकार दिला. ज्या घराण्यानं पंचवीस वर्षं ‘मिळेल ते करतो’ म्हणून खेळ केला, त्यानं पहिल्यांदा ‘असं असेल तर खेळत नाही’ म्हटलं. लोकमत भावांच्या बाजूनं उठलं. पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्याला पै परतले, भाऊ परतले, बाळूंनाही संघात घेऊन उपकर्णधार केलं गेलं. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रं बाळूंच्या हाती आली. वय चव्वेचाळीस. एवढी वर्षं खेळून तेवढाच वेळ.

पुढं १९२३ मध्ये विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले. अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवल्यावर लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतलं. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्यांचं मराठी आत्मचरित्र १९४८ मध्ये आलं. अलीकडच्या वाचकांपर्यंत या भावांची गोष्ट पोचवण्याचं श्रेय मात्र बरंचसं रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधल्या इंग्रजी पुस्तकाला द्यावं लागेल.

मी मुसलमान आहे, तेव्हा हिंदू संघातल्या जातीबद्दल बोलून मोकळं होणं मला शोभणार नाही. चौरंगीत आमचाही संघ होता, १९२४ मध्ये तो जिंकलाही. पण बिरादरीची उतरंड आमच्याकडेही आहे, मी ती घरात आणि सोयरिकींत पाहिली आहे. आणि चारही संघांत मिळून एकही स्त्री नव्हती, ना खेळायला, ना निर्णय करायला. त्या काळी ते कुणाला खटकलंही नाही.

पाळवणकरांच्या गोष्टीतून मला तीन धडे मिळतात. एक, गुण असले की मान मिळतोच हे खरं नाही. ११४ बळींनी कर्णधारपद दिलं नाही. दोन, ज्याला डावललं त्यानं नाही म्हटल्याशिवाय हालचाल होत नाही. तीन, आतल्या कुणीतरी जागा रिकामी करावी लागते. पै यांच्या १९१३ च्या भाषणापेक्षा १९२० मध्ये ते मैदानाबाहेर गेले तो थोडा वेळ मला मोठा वाटतो. भाषणाला काही खर्च येत नाही. जागा सोडायला येतो.

हेच तीन धडे घेऊन आता बायकांच्या क्रिकेटकडे येऊ. योगायोग असा की त्याची सुरुवातही पुण्यातच झाली. १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ अवघे तीन होते, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षी भारतीय महिला क्रिकेट संघटना लखनौला नोंदवली गेली. तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या बेगम हमीदा हबीबुल्ला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. मी पटांगणात वही घेऊन बसले होते त्याच्या आठ वर्षं आधी एक मुसलमान बाई देशातल्या बायकांच्या क्रिकेटच्या सर्वोच्च खुर्चीवर बसली होती, आणि आमच्या मोहल्ल्यात हे कुणालाच माहीत नव्हतं. कराडच्या प्रेमलाताई चव्हाण यांनीही या संघटनेला बळ दिलं. १९७६ मध्ये शांता रंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला पहिला कसोटी सामना खेळल्या. पैसा नव्हता. मुली रेल्वेच्या आरक्षण नसलेल्या डब्यातून जायच्या, वसतिगृहात जमिनीवर झोपायच्या. पण तो कारभार बायकांच्या हातात होता.

२००६ मध्ये ही संघटना पुरुषांच्या क्रिकेट मंडळात विलीन झाली. त्या वेळी तिच्या सचिव होत्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, स्वतः कसोटी खेळाडू. विलीनीकरणानं मुलींना चांगली मैदानं मिळाली, प्रवासाची सोय झाली, पुढं मानधनही आलं. हे सगळं हवंच होतं. पण या व्यवहारात एक गोष्ट हातची निसटली. निर्णयाचं टेबल दुसऱ्या घरी गेलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंडळाचा कारभार पाहण्यासाठी प्रशासकांची समिती नेमली, तेव्हा त्या चार जणांत माजी कर्णधार डायना एडुलजी होत्या. आणि त्यांच्याबरोबर, काही महिनेच का होईना, पाळवणकरांची गोष्ट लिहिणारे रामचंद्र गुहाही होते. इतिहासाला कधी कधी अशी गंमत सुचते. पण लक्षात घ्या, तिथंही जागा न्यायालयानं दिली होती. घरातून कुणी उठून दिली नव्हती.

आता पंचांकडे वळू. पंचाला काय लागतं? नियमांचं ज्ञान, नजर, दिवसभर उभं राहण्याची ताकद आणि गलक्यात डोकं शांत ठेवण्याची सवय. यातलं काहीही पुरुषाच्या देहाला चिकटलेलं नाही. मग अडतं कुठं? विश्वासावर. आणि विश्वास हा पुराव्यापेक्षा सवयीनं चालतो. १९८६ मध्ये पाकिस्तानात वेस्ट इंडीजचा संघ आला होता. यजमानांच्या पंचांवर पक्षपाताचे आरोप व्हायचे, म्हणून लाहोरच्या कसोटीला दोन भारतीय पंच बोलावले गेले, मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. कसोटी क्रिकेटमध्ये १९१२ नंतरचे हे पहिले तटस्थ पंच. पाकिस्तानचा कर्णधार, पाकिस्तानचं मैदान आणि बोट वर करणार भारतीय! कुणी म्हणालं असतं, हे कसं शक्य आहे? पण ठरवलं आणि शक्य झालं. आधी जागा दिली, मग विश्वास बसला. बायकांच्या बाबतीत मात्र उलटं सांगितलं जातं, आधी विश्वास बसू दे, मग जागा देऊ.

ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर पोलोसाक कधी स्पर्धात्मक क्रिकेट खेळल्या नव्हत्या. पंचांच्या परीक्षेत त्या एकदा नाही, अनेकदा नापास झाल्या. त्यांचे वडील त्यांना गाडीनं शहरापर्यंत परीक्षेच्या वर्गाला सोडायचे. २७ एप्रिल २०१९ रोजी नामिबियात, विंडहोक इथं, नामिबिया आणि ओमान यांच्यातल्या पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यात त्या पंच म्हणून उभ्या राहिल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात मैदानावर उभी राहिलेली ही पहिली स्त्री पंच. त्याच वर्षी आपल्या जी. एस. लक्ष्मी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या सामनाधिकाऱ्यांच्या यादीत आल्या. त्या यादीतल्या त्या पहिल्या स्त्री. तीन वर्षांनी, १ डिसेंबर २०२२ रोजी, फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकात कोस्टारिका आणि जर्मनीच्या सामन्यात शिट्टी हाती घेतली. तोवर ही स्पर्धा ब्याण्णव वर्षांची झाली होती.

आणि जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकात पहिल्यांदा तीन स्त्री पंच उभ्या राहिल्या. वृंदा राठी, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन. वृंदा मुंबईच्या. गोव्यात पर्वरीला, गोवा आणि पुद्दुचेरीच्या सामन्यात त्यांनी पदार्पण केलं. त्यांचा प्रवास वाचताना माझ्या हातून चहाचा कप तसाच राहिला. कारण वृंदा राठी यांनी सुरुवात केली होती गुणलेखक म्हणून. मुंबईच्या मैदानांवर धावा मांडत. त्या परीक्षा देत पुढं गेल्या, २०१३ च्या महिला विश्वचषकात त्यांनी गुणलेखन केलं. तिथं त्यांना न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस भेटल्या आणि आपणही हे करू शकतो असं वाटलं. कडुलिंबाखालच्या दगडावरून उठून यष्ट्यांमागं उभं राहता येतं, हे दाखवणारं कुणीतरी आधी दिसावं लागतं. मला दिसलं नव्हतं.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. आपण सगळ्यांनी तो पाहिला. मी भाईजानच्या घरी पाहिला. सगळे धावा आणि बळी मोजत होते. मी मात्र सारखी पंचांकडे बघत होते. त्या संपूर्ण स्पर्धेत चौदा पंच आणि चार सामनाधिकारी होते, आणि अठराच्या अठरा स्त्रिया होत्या. एकदिवसीय विश्वचषकात हे पहिल्यांदा घडलं. वृंदा राठी, जननी, गायत्री आणि लक्ष्मी यांची नावंही त्या अठरांत होती. अपील झालं की हजारो लोक एका बाईच्या हाताकडे श्वास रोखून बघत होते. बोट वर गेलं तर गेलं, नाही तर नाही. हसलं कुणीच नाही.

म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. वरचं शिखर दिसतं म्हणून पायथ्याची वाट झाली असं होत नाही. पंच वरून नेमले जात नाहीत, खालून तयार होतात. जिल्ह्याची परीक्षा, मग रविवारचे स्थानिक सामने, मग वयोगटांच्या स्पर्धा, अशा पायऱ्या चढत माणूस वर जातो. त्यातली रविवारची पायरीच बाईला अवघड. सात-आठ तास उन्हात उभं राहायचं आणि मैदानाच्या आसपास धड स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट किती मुलींना परत पाठवत असेल! त्यात रविवार म्हणजे घरात पाहुण्यांचा, स्वयंपाकाचा दिवस. स्थानिक सामन्याचं मानधन थोडं, प्रवासाचा खर्च आपला. ज्या घरात रोजंदारी आहे त्या घरातल्या मुलीला आणि मुलालाही हे परवडत नाही. म्हणून पंचांच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या यादीत बाई किती हे मोजताना कुठल्या वस्तीतली माणसं आहेत, हेही मोजायला हवं. बाळूंचा प्रश्न १९२३ ला संपला असं समजू नये.

काही बदल कायद्यानं येतात. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा संघटनांच्या कार्यकारी समितीत किमान चार स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण चार खुर्च्या भरणं वेगळं आणि त्या खुर्च्यांवरचा शब्द चालणं वेगळं. ग्रामपंचायतीत ‘सरपंचपती’ आपण पाहिले आहेत. आणि कविसंमेलनातही मी पाहिलं आहे. अध्यक्षस्थानी बाई क्वचित, पण आभार मानायला मात्र हमखास बाई शोधली जाते. तेव्हा आकडा ही सुरुवात आहे, शेवट नव्हे.

शेवटी पुन्हा पटांगणात येते. ते अजून आहे, अर्धं इमारतींनी खाल्लेलं. गेल्या वर्षी तिथल्या मुलांनी मोहल्ल्याच्या स्पर्धेला मला बक्षीस वाटायला बोलावलं. आपल्या मोहल्ल्याची कवयित्री, म्हणून. मी म्हटलं, ‘‘येते. पण दोन अंपायरपैकी एक मुलगी हवी.’’ मुलं एकमेकांकडे बघू लागली. एक म्हणाला, ‘‘खाला, पण कुणी ऐकणार नाही तिचं.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही आधी ऐका. मग बाकीचे ऐकतील.’’

बक्षीस समारंभाच्या दिवशी गेले तर एक मुलगी कडुलिंबाखाली टेबलखुर्चीवर बसून धावा मांडत होती. अंपायर दोघंही मुलगेच होते. संयोजक ओशाळून म्हणाला, ‘‘खाला, सध्या एवढंच जमलं.’’ मी त्या मुलीजवळ जाऊन बसले, तिची वही पाहिली. अक्षर सुरेख होतं, प्रत्येक चेंडूची खूण जागच्या जागी. खेळ थांबला होता. षटकात पाच चेंडू झाले की सहा, यावर मैदानात वाद लागला होता. तिनं वही उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. ती उठली, मैदानात गेली आणि म्हणाली, ‘‘पाच.’’

बॅटिंग करणाऱ्या मुलानं वहीत डोकावून पाहिलं. मग तो मागं वळून आपल्या जागी गेला. गोलंदाजानं सहावा चेंडू टाकला.

पुढच्या डिसेंबरात स्पर्धा पुन्हा आहे. मला बोलावणं आलं आहे. मी त्याच अटीवर होकार कळवला आहे.

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)